आभल्यांच्या ओढणीला गाव हवे

सणासुदीच्या खरेदीत आभले लावलेली सुती ओढणी दुकानात दिसली, की ती कच्छची किंवा राजस्थानची असणार असे आपण गृहीतच धरतो. हा समज खोटा नाही, पण अपुरा आहे. आभले भरण्याची परंपरा असलेला लमाण समाज सांगली जिल्ह्यातही वस्ती करून आहे. जत तालुक्याच्या गावांच्या यादीत दरीबडची आणि उटगी या गावांलगतचे लमाणतांडे स्वतंत्र नावाने नोंदलेले आहेत. तरीही सातारा-सांगलीला लमाण बाई ओळखीची आहे ती उसाच्या फडातली. हस्तकलेचे मोल कौशल्यावर ठरते, तसेच ते करणाऱ्याच्या पत्त्यावरही ठरते. या दोन जिल्ह्यांत लमाणांना पत्ता मिळाला तो मजूर म्हणून. कारागीर म्हणून मिळाला नाही.

आधी कौशल्य काय आहे ते पाहू. आभल्याला भोक नसते आणि हातकामात ते चिकटवतही नाहीत. काचेचा तुकडा कापडावर बोटाने दाबून धरायचा आणि त्यावरून आडवे-उभे टाके टाकून दोऱ्याची चौकट बांधायची. मग सुई चौकटीखालून काढून काठालगतच्या कापडात टोचायची आणि दोरा ओढायचा. प्रत्येक टाक्यासरशी चौकट बाहेर ताणली जाते, चौकोनाचे वर्तुळ होते आणि काच दोऱ्याच्या कड्यात घट्ट बसते. ताण कमी पडला तर आभले निसटते, जास्त झाला तर कापड चुणते. लमाणी कामात याच्या जोडीला कवड्या, नाणी, रंगीत कापडाचे तुकडे आणि दाट टाके येतात. फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), ओढणी आणि पिशव्या यांवर ही भरण असते.

एवढी मेहनत अंगावरच्या कपड्यावर का, याचे एक उत्तर इतिहासात आहे. बंजाऱ्यांचे, म्हणजे याच लमाणांचे, तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत आणि मोगल-मराठ्यांच्या फौजांना रसद पुरवत. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने 1632 मध्ये पाहिलेल्या एका तांड्यात 14,000 बैल होते. घर पाठीवर असलेल्या समाजाचा दागिना, ठेव आणि ओळख कपड्यावरच शिवली जाणार. पुढे रेल्वेने व्यापार हिरावला आणि 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या अमलात अनेक भागांतल्या तांड्यांवर संशयाचा शिक्का बसला. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पण तोवर वाहतूकदार समाजाचा मोठा भाग मजुरीला लागला होता. आज मराठवाडा, विजयपूर आणि जतसारख्या अवर्षणप्रवण भागांतून कृष्णाकाठी येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांत लमाण कुटुंबे असतात, आणि मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची नोंद मिळून एक ‘कोयता’ अशी होते.

याच सुईला पत्ता मिळाला की काय घडते, याचे उदाहरण फार दूर नाही. बळ्ळारी भागातल्या संडूर या घोरपड्यांच्या जुन्या मराठी संस्थानाच्या गावी कुशल कला केंद्राने लमाण बायकांना एकत्र आणले. ‘संडूर लंबाणी भरतकामा’ला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 2023 मध्ये हंपीला जी-20च्या संस्कृतीविषयक बैठकीत तिथल्या साडेचारशेहून अधिक बायकांनी केलेल्या 1,755 नमुन्यांचे प्रदर्शन मांडले गेले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. घरचा दाखला हवा तर मिरजेचा घ्या. शिकलगारांच्या, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या, हातांनी घडवलेल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये मानांकन मिळाले. त्याच सांगली जिल्ह्यातली सुई मात्र बिननावाची राहिली.

यावर पहिला आक्षेप असा, की ही कला मुळात राजस्थान-गुजरातची, मग सांगलीने हक्क कसा सांगावा? पण मानांकन मूळ पुरुषाचे गाव पाहत नाही. आज ती वस्तू कुठे, कोणत्या रीतीने आणि कोणत्या परंपरेने घडते ते पाहते. नाहीतर संडूरलाही ते मिळाले नसते. राज्याची सीमाही आड येत नाही. कोल्हापुरी चपलेचे मानांकन सांगली-साताऱ्यासह महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांचे मिळून आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मानांकनाच्या कागदाने पोट भरते का? नाही भरत. 2025 मध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला श्रेय न देता मांडल्याच. पण महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेने पत्र लिहून जाब विचारल्यावर कंपनीला भारतीय प्रेरणा मान्य करावी लागली. पत्ता असला तर निदान दावा मांडता येतो. तिसरा आक्षेप, नव्या पिढीच्या बायका हे जड कपडे घालत नाहीत. खरे आहे, आणि म्हणूनच ओढणी महत्त्वाची. फेटियाचे ओझे न वाहता तेच टाके हलक्या सुती कापडावर उतरतात आणि ते शहरातही वापरले जाते.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्हा प्रशासनाने जतच्या तांड्यांतल्या भरतकाम येणाऱ्या बायकांची नावनिशी नोंद करावी आणि ऊसतोडीचा हंगाम नसताना त्यांना कापड, दोरा व ठरलेला मोबदला मिळेल अशी सोय करावी. मानांकनाचा अर्ज त्यानंतरचा. गिऱ्हाइकानेही ओढणी उलटी करून पाहावी. मागचे टाके कमी-जास्त आणि गाठी दिसणाऱ्या असतील, आभले प्लॅस्टिकचे नसून काचेचे असेल, तर काम हाताचे असण्याची शक्यता मोठी. तेवढ्यावर न थांबता, ते कोणत्या गावच्या बाईने केले आहे हे दुकानदाराला विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले, तर दुकानदाराला उत्तर शोधावेच लागेल.