छोट्या दुकानांची संकेतस्थळे आणि दिव्यांग ग्राहक

दृष्टी, श्रवण, हातांची हालचाल किंवा आकलन यांपैकी कशातही अडचण असलेल्या व्यक्तीला एखादे संकेतस्थळ दुसऱ्याच्या मदतीवाचून वापरता येणे, याला संकेतस्थळाची सुगम्यता म्हणतात. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ वर नेले, त्यामुळे त्या आकड्याला आज फार तर किमान अंदाज म्हणता येईल. याच अधिनियमाच्या कलम ४६ नुसार सेवा पुरवणारा सरकारी असो वा खासगी, त्याने सुगम्यतेचे नियम पाळणे बंधनकारक आहे; आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने असे नियम निव्वळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवून भागणार नाही, हेही स्पष्ट केले. मात्र चार माणसांच्या दुकानाने हे सारे कोणाच्या मदतीने करावे, याबाबत कायदा फारसे काही सांगत नाही.

देवगडचा हापूस घरपोच पाठवणाऱ्या एखाद्या बागायतदाराचे संकेतस्थळ उदाहरणादाखल घेता येईल. दृष्टिहीन ग्राहक ते स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीच्या साहाय्याने वापरतो; एनव्हीडीए ही अशी प्रणाली विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. परंतु हंगामाचे दरपत्रक बहुधा डीटीपीवाल्याकडून चित्र म्हणून करून घेतलेले असते, आणि त्या चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे हे सांगणारे दडलेले वाक्य, जोडलेले नसले तर ग्राहकाच्या कानी फाइलचे निरर्थक नाव तेवढे पडते. दरपत्रक पीडीएफमध्ये असले तरी ते युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले असल्यास पडद्यावर देवनागरी दिसते आणि यंत्र मात्र रोमन अक्षरांची खिचडी वाचते. हा दोष मराठी संकेतस्थळांचा खास घरचा आहे, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत तो शोधूनही सापडत नाही. पुढे पत्त्याचा अर्ज येतो. त्यातल्या रकान्यांना नावे जोडलेली नसली तर पिनकोड कुठे आणि मोबाइल क्रमांक कुठे हे ऐकणाऱ्याला उमगत नाही, आणि ‘ऑर्डर द्या’ हे बटण केवळ माउसनेच दाबता येत असेल तर हातांवर ताबा नसलेला ग्राहकही तिथेच अडतो.

यातले बहुतेक दोष बागायतदाराच्या अनास्थेतून आलेले नसतात, तर तयार साच्यातून संकेतस्थळ उभारून देणाऱ्या व्यावसायिकाकडून आलेले असतात. म्हणूनच मदतीचा पैसा दुकानागणिक वाटण्यापेक्षा साचा दुरुस्त करण्यावर खर्च होणे अधिक शहाणपणाचे; एक साचा सुधारला की त्यावर उभी असलेली दुकाने आपोआप बरीच सुधारतात. पर्यायी मजकूर लिहिणे मात्र दुकानदाराचेच काम, कारण पेटीत पायरी आहे की हापूस हे त्यालाच ठाऊक.

परदेशांनी याबाबत वेगवेगळे मार्ग धरले. अमेरिकेत १९९० पासून छोट्या उद्योगांना सुगम्यतेवरील पात्र खर्चाच्या निम्म्याइतकी, वर्षाला कमाल ५,००० डॉलरपर्यंत, करसवलत मिळते. पण तिथे संकेतस्थळांवरून खटलेही उदंड होतात. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला, आणि त्याने दहापेक्षा कमी कामगार व मर्यादित उलाढाल असलेल्या सेवा-उद्योगांना सूट दिली, म्हणजे प्रश्न सोडवण्याऐवजी बाजूला ठेवला, असेच म्हणावे लागेल. खटल्यांच्या धास्तीतून ‘कोडची एक ओळ जोडा आणि निश्चिंत व्हा’ अशी जाहिरात करणारी साधने बाजारात आली. अशाच एका कंपनीला फसव्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरण्याचा आदेश अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२५ मध्ये दिला.

महाराष्ट्रात जिल्हा उद्योग केंद्रांची व्यवस्था आयती आहे. उद्योजकांच्या प्रशिक्षणात पर्यायी मजकूर, युनिकोड आणि रंगांतील तफावत (मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे) एवढे शिकवण्यास एक दुपार पुरते, आणि संकेतस्थळासाठी अनुदान देताना शेवटचा हप्ता एखाद्या दृष्टिहीन परीक्षकाने प्रत्यक्ष ऑर्डर नोंदवून पाहिल्यावरच देण्याची अट घालता येते. त्या परीक्षकाचे मानधन मात्र अनुदानातूनच निघाले पाहिजे. ते काम सेवाभावाने फुकट होईल असे गृहीत धरण्याची सवय याही क्षेत्रात आहे.