घरच्या घरी अंडी उबवण्याची पेटी

घरात गावठी अंडी जमतात तेव्हा कोंबडी खुडूक नसते आणि ती रवणीला बसते तेव्हा अंडी संपलेली असतात. कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येक घराचा हा अनुभव आहे. यंत्र विकत घ्यायचे तर खर्च मोठा. पण कोंबडी अंड्यांना देते तरी काय? ऊब, ओलावा आणि वेळोवेळी उलटणे. इजिप्तमध्ये, म्हणजे मिसरमध्ये, दोन हजार वर्षांहून अधिक काळ विटांच्या भट्ट्यांत अंडी उबवली जात आहेत. तिथले कारागीर अंडे पापणीला लावून उष्णता ओळखत.

सामान आणि जोडणी

झाकणाचा थर्माकोलचा खोका, जुन्या कॉम्प्युटरचा लहान पंखा, बंद पडलेल्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर, फोटो फ्रेमची काच आणि जाळी एवढे घरात किंवा भंगारात मिळते. ४० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब घ्यावा. एलईडी पुरेशी उष्णता देत नाही. थर्मोस्टॅट आणि आर्द्रता दाखवणारा डिजिटल थर्मामीटर मात्र विकत घ्या. इथे काटकसर नको. तापाचा पाऱ्याचा थर्मामीटर चालत नाही, कारण तो चढलेला आकडा धरून ठेवतो.

काच झाकणात बसवा. बल्बभोवती जाळी लावा आणि तो थर्माकोलपासून चांगला दूर ठेवा. थर्माकोल पटकन पेटतो. विजेची जोडणी जाणकाराकडूनच करून घ्या. हवेसाठी खाली-वर चार-पाच भोके पाडा. अंड्यांच्या जाळीखाली पाण्याची उथळ ताटली ठेवा. थर्मोस्टॅटची तार अंड्यांच्या उंचीवर असावी. पेटी आधी दिवसभर रिकामी चालवून पाहा. पंखा असताना ३७.५ अंश सेल्सिअस टिकले, तरच अंडी ठेवा.

एकवीस दिवस

अंडी नर असलेल्या कळपातली, आठवड्याच्या आतली, न धुतलेली आणि फ्रिजमध्ये न ठेवलेली हवीत. दुकानातल्या पोल्ट्रीच्या अंड्यांतून सहसा पिल्ले निघत नाहीत, कारण तिथे कोंबडा नसतो.

अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसरीला गोल काढा. दिवसातून विषम वेळा उलटा, म्हणजे रात्री रोज एकच बाजू वर राहत नाही. पाच नमाजांच्या वेळा ठरवल्या की विसर पडत नाही. सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडे धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला आहे. अगदी स्वच्छ दिसणारे अंडे काढून टाका.

पहिले अठरा दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवा. त्यानंतर उलटणे बंद करा, ओला स्पंज ठेवून आर्द्रता ६५ ते ७० टक्के करा आणि झाकण उघडू नका.

वीज गेली तर

घाबरू नका. झाकण बंदच ठेवा, पेटीवर गोधडी टाका. भोके मात्र झाकू नका. बराच वेळ वीज आली नाही तर कोमट पाण्याची बाटली आत ठेवा. कोंबडीही दाणे टिपायला रोज रवणीवरून उठतेच. थोडा गारवा अंडी सोसतात. ४० अंशांची उष्णता सोसत नाहीत.

कवच फुटू लागले की पिल्लाला हाताने ओढू नका. त्याला बाहेर यायला कित्येक तास लागतात. पिसे सुकली की उबदार खोक्यात हलवा. पोटातल्या बलकावर ते पहिला दिवस काढते.

पहिल्या वेळी दहा-बाराच अंडी ठेवा आणि तापमान रोज वहीत लिहा. पेटी भंगारातून झाली, तरी आतला जीव मुका आहे. तीन आठवडे घरातल्या कुणा एकाने त्याची जबाबदारी घेतली, तरच हे काम हाती घ्यावे.