चाळिसाव्या गुंठ्याची कसोटी

बीदर जिल्ह्यातील संतपूर हे मराठी-कानडी सरहद्दीवरचे गाव. तेथील शेतकऱ्याची जमीन जितकी शिवारात, तितकीच पहाणीपत्रकात असते. कर्नाटक शासनाने ‘भूमी’ योजनेखाली सुमारे ६७ लाख भूधारकांच्या सुमारे २ कोटी नोंदी संगणकात भरल्या आणि या शतकाच्या आरंभी हस्तलिखित उतारे टप्प्याटप्प्याने बाद केले. तलाठ्याच्या दप्तराची मक्तेदारी मोडली, हे स्वागतार्हच होय. परंतु तलाठ्याची चूक एका खात्यापुरती असे. आज्ञावलीतील चूक सर्व तालुक्यांत एकदम उमटते. तेव्हा आज्ञावली तपासावी कशी, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा राहत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ४० गुंठ्यांचा एकर. दोन तुकड्यांची बेरीज ४० गुंठे वा अधिक झाल्यास एक एकर हातचा धरावा, असा नियम. लिहिणाऱ्याने चुकून ‘४० हून अधिक’ असे लिहिले. परीक्षकाने २५ आणि २० गुंठे घातले. उत्तर १ एकर ५ गुंठे. १० आणि १० घातले. उत्तर २० गुंठे. दोन्ही उत्तरे बरोबर, आज्ञावलीतील प्रत्येक वाट तुडवलेली, अहवालात तपासणी शंभर टक्के! पण २० आणि २० घातले असते, तर उत्तर शून्य एकर ४० गुंठे आले असते. आणि जेथे किमान एक एकराची अट आहे, तेथे त्या शेतकऱ्याचा अर्ज फेटाळला गेला असता. शेतीतील तंट्याप्रमाणे आज्ञावलीतील चूकही बहुधा बांधावरच सापडते.

म्हणून शास्त्र सांगते की, हद्दीवरचे आकडे आवर्जून तपासा. १९७८ साली डीमिलो, लिप्टन व सेवर्ड या अमेरिकन संशोधकांनी याहून कडक निकष मांडला: आज्ञावलीत मुद्दाम लहान चूक पेरावी, जी चाचणी ती पकडत नाही, ती अपुरी समजावी. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी तर बजावलेच होते की, चाचणीने चुकांचे अस्तित्व दिसते, अभाव सिद्ध होत नाही.

व्यवहारात मात्र मुदत संपली की तपासणीही संपते, आणि उरलेली चूक शोधण्याचे काम कचेरीचे हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्यावर पडते. आमच्या सातबाऱ्यावर गुंठ्यांऐवजी आर आले, १०० आरांचा हेक्टर झाला; हद्द बदलली, धोका तोच. म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. कोणत्या निकषांवर तपासणी झाली, हे शासनाने लोकभाषेत जाहीर करावे. बदललेली आज्ञावली लागू करण्यापूर्वी गावातील खऱ्या नोंदींवर, गावकऱ्यांसमक्ष पारखावी. आणि यंत्राची चूक दुरुस्त करण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी मारू नये. ज्याची जमीन, त्यालाच तपासणीत स्थान नसेल, तर ती तपासणी अपुरीच म्हटली पाहिजे.