बोर्डिंगची दोन दारे

अमेरिकेत बोर्डिंग स्कूल म्हटले की धनिकांच्या मुलांची शाळा डोळ्यांसमोर येते. आपल्याकडची जुनी माणसे मात्र ‘मी बोर्डिंगात शिकलो’ म्हणतात, तेव्हा घरची परिस्थिती हलाखीची होती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मॅसॅच्युसेट्स राज्यात १७७८ मध्ये फिलिप्स अकॅडमी निघाली. तिचे लॅटिन ब्रीद ‘नॉन सिबी’, म्हणजे ‘स्वतःसाठी नव्हे’. त्याच राज्यात एंडिकॉट पीबडी यांनी १८८४ मध्ये ग्रोटन शाळा काढली. फ्रँकलिन रूझवेल्ट तिथलेच विद्यार्थी. चिमुकल्या खोल्या, थंड पाण्याची अंघोळ असा तिथला रिवाज होता. मुलांना साधेपणाची सवय लागावी म्हणून श्रीमंत आईबाप पैसे मोजत!

आमच्या नाशिकजवळ देवळालीत १९२५ पासून बार्न्स स्कूल आहे. इंग्रजी वळणाच्या या शाळेचे मूळ शोधत गेलो, तर आपण मुंबईतल्या १७१८ च्या धर्मादाय शाळेपाशी पोहोचतो. रेव्हरंड रिचर्ड कॉब यांनी ती गरीब युरोपीय मुलांसाठी काढली होती.

खुद्द नाशिकात १९१४ मध्ये उदोजी मराठा बोर्डिंग सुरू झाले. खेड्यातल्या मुलासाठी शहरात शाळा होती. पण राहायचे कुठे आणि जेवायचे काय? ही अडचण राजर्षी शाहू महाराजांनी आधीच ओळखली होती. कोल्हापुरात १९०१ मध्ये मराठा, १९०६ मध्ये मुसलमान, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृहे निघाली. मुसलमानांच्या संस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः घेतले, याचे मला फार मोल वाटते.

ही वसतिगृहे बहुतेक जातवार होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसवली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगला शाहू महाराजांचे नाव मिळाले.

आज निवासी शाळांच्या जाहिरातींत घोडेस्वारी असते, पोहण्याचा तलाव असतो. असू द्या. फिलिप्स अकॅडमीने तर २००८ पासून प्रवेश देताना पालकांची ऐपत पाहणे सोडले. आपणही शाळा निवडताना फीबरोबर एवढे विचारावे, की आपल्या मुलाच्या शेजारच्या खाटेवर शेतमजुराचे मूल झोपू शकेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर साताऱ्याच्या पंगतीत फुकट मिळालेले शिक्षण तिथे लाखो रुपये भरूनही मिळणार नाही.