लिंपणापूर्वीची झाडलोट

रात्रभर ठणकणारी दाढ घेऊन दंतवैद्याच्या दारी गेलेला मनुष्य ‘रूट कॅनाल’चा हुकूम निमूटपणे मान्य करतो, परंतु मुळातील नलिका थंड पद्धतीने भरावी की गरम, असा प्रश्न निघाला, की आप्तेष्टांच्या सल्ल्यांनी तो भांबावून जातो. त्या सल्ल्यांतील चार गैरसमजांचा येथे परामर्श घेऊ.

गैरसमज : नलिकेत भरलेल्या द्रव्याने रोग बरा होतो.

वस्तुस्थिती : ते द्रव्य, म्हणजे गटापर्चा, हा मलाया द्वीपकल्पातील वृक्षांचा चीक असून, बाजारच्या कांडीत तो सुमारे 20 टक्केच व बाकी बहुतांश झिंक ऑक्साइड असते. खरा वैरी जंतू होय. 1965 साली काकेहाशी प्रभृती संशोधकांनी उंदरांच्या दातांतील नस उघडी केली, तेव्हा जंतुविरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांची जखम सांधली, सामान्य उंदरांची नस मात्र कुजली. कणगीतील धान्यात किडे राहिले, तर वरचे लिंपण कितीही सफाईदार असून उपयोग काय?

गैरसमज : गरम पद्धत श्रेष्ठ, थंड पद्धत मागासलेली.

वस्तुस्थिती : थंड पद्धतीत वैद्य मुख्य कांडी नलिकेत बसवून हळूच मागे ओढून पाहतो, ती किंचित अडली, म्हणजे टोकाशी घट्ट बसली अशी खातरजमा झाल्यावर, लुकण लावून, तिच्या बाजूस निमुळत्या हत्याराने जागा करीत बारीक कांड्या दाबतो. 1967 साली शिल्डर यांनी पुरस्कारिलेल्या गरम पद्धतीत कांडी तापवून, मऊ करून खाली दाबतात, त्यामुळे ती उपशाखांतही शिरते. तथापि अनेक अध्ययनांच्या 2007 सालच्या एकत्रित विश्लेषणात दीर्घकालीन निकालात वा नंतरच्या वेदनेत लक्षणीय भेद आढळला नाही. मुळाच्या टोकाबाहेर द्रव्य जाण्याचे प्रमाण मात्र गरम पद्धतीत अधिक आढळले.

गैरसमज : एकच कांडी घालणे ही निव्वळ चालढकल.

वस्तुस्थिती : कॅल्शियम सिलिकेटयुक्त नव्या लुकणासह ती पद्धत आज मान्यता पावली आहे, मात्र असे लुकण घट्ट झाल्यावर, पुन्हा उपचाराची वेळ आल्यास नलिका मोकळी करणे कष्टाचे होऊ शकते.

गैरसमज : नस सुजलेली असो वा कुजलेली, उपचार एकच, आणि ठणका थांबला, की काम संपले.

वस्तुस्थिती : केवळ सुजलेल्या नसेच्या खोल भागात जंतू बहुधा पोहोचलेले नसतात, म्हणून ती नलिका एका बैठकीत भरता येते; कुजलेल्या नलिकेतून पू पाझरत असेल, तर ती कोरडी होईपर्यंत भरत नाहीत, मधल्या काळात कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवतात. शिवाय वरचा बंदोबस्त ढिला राहिला, तर लाळेवाटे जंतू पुन्हा आत उतरतात.

म्हणून वाचकहो, खुर्चीत बसण्यापूर्वी ‘गरम की थंड?’ हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा : लाळ अडविणारा रबर डॅम लावणार ना, आणि दाढेवर कॅप केव्हा बसविणार?