निवासवाहनातील घटमालाचलित दूरचित्रवाणी संच

ज्या वाहनात झोपण्याची, स्वयंपाकाची व बहुधा स्नानाचीही सोय असते आणि प्रवासात जे घर म्हणून वापरले जाते, त्याला निवासवाहन म्हणतात. अमेरिकेत त्याला ‘आरव्ही’ असे संक्षिप्त नाव आहे, तर ब्रिटनमध्ये मोटारीमागे ओढावयाच्या प्रकाराला ‘कॅराव्हॅन’ म्हणतात. मुक्कामाच्या तळावर विजेची जोडणी मिळाल्यास अशा वाहनातील दूरचित्रवाणी संच घरातल्याप्रमाणेच चालतो. परंतु वाहन रानात किंवा समुद्रकिनाऱ्यावर उभे केल्यास संचाला वाहनातील संचायक विद्युत् घटमालेवर (बॅटरीवर) अवलंबून राहावे लागते. हा हिशेब चुकला, तर केवळ चित्र बंद पडते असे नव्हे. एकच घटमाला असलेल्या वाहनाचे एंजिनही सकाळी सुरू होत नाही. याकरिता निवासवाहनात एंजिन सुरू करण्याची घटमाला वेगळी व निवासाच्या उपयोगाची वेगळी ठेवतात.

निर्वात नलिकांवर चालणाऱ्या जुन्या संचांना शक्ती फार लागत असे व त्यामुळे ते घटमालेवर चालविणे व्यवहार्य नव्हते. ट्रँझिस्टरामुळे ही अडचण दूर झाली. अमेरिकेतील फिल्को कंपनीचा ‘सफारी’ हा संच १९५९ मध्ये, तर जपानच्या सोनी कंपनीचा ८ इंची (सु. २० सेंमी.) पडद्याचा संच १९६० मध्ये बाजारात आला. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी येथील विनेबेगो कंपनीने १९६६ पासून निवासवाहने मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास सुरुवात केली व अशा वाहनांचा प्रसार वाढला. भारतात निवासवाहने विरळाच. महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये स्वीकारले. मात्र घटमालेवरील संच आपल्याकडे अपरिचित नाही. १९८०–९० या दशकात वीज नसलेल्या अनेक खेड्यांतून ट्रॅक्टरची घटमाला जोडून १२ व्होल्टांचे कृष्णधवल संच चालविले जात. त्यामागील तत्त्व हेच होय.

निवासवाहनातील घटमाला बहुधा १२ व्होल्टांची असते. शिसे-अम्ल प्रकारात प्रत्येकी सु. २ व्होल्टांचे सहा घट एकसरीत जोडलेले असतात. पूर्ण भारित घटमालेचा दाब विश्रांत स्थितीत सु. १२.७ व्होल्ट, तर निम्मी रिकामी झाल्यावर सु. १२.२ व्होल्ट असतो. म्हणजे अर्धा साठा संपला, तरी दाबातील फरक अवघा अर्धा व्होल्ट असतो व तो साध्या मापकावर सहज नजरेतून सुटतो. घटमालेची धारणक्षमता अँपिअर-तासांत सांगतात व ती सामान्यतः २० तासांच्या सावकाश विसर्जनासाठी दिलेली असते. शिवाय निम्म्याहून अधिक विसर्जन वारंवार केल्यास पट्टांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण थर साचून आयुष्य घटते. तेव्हा १०० अँपिअर-तासांच्या घटमालेतील ५० अँपिअर-तासच आपले समजावेत.

सु. ६० सेंमी. पडद्याच्या आधुनिक द्रव स्फटिक संचास सु. ३० वॉट शक्ती लागते. ऋण किरण नलिकेच्या रंगीत संचास ६० ते १०० वॉट लागत. ३० वॉटांसाठी १२ व्होल्टांच्या घटमालेतून २.५ अँपिअर, म्हणजे चार तासांत १० अँपिअर-तास खर्च होतात. परंतु अनेकजण संच इन्व्हर्टरमधून चालवितात. इन्व्हर्टर घटमालेच्या एकदिश प्रवाहाचे अमेरिकेत १२० व इतरत्र बहुधा २३० व्होल्टांच्या प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहात रूपांतर करतो आणि संचातील मंडल त्याचे पुन्हा अल्प दाबाच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करते. हा द्राविडी प्राणायाम महाग पडतो. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के व त्याचा स्वतःचा खर्च ७ वॉट धरला, तर तोच संच सु. ३.५ अँपिअर प्रवाह घेतो. संच बंद करून इन्व्हर्टर चालू ठेवला, तर २४ तासांत सु. १४ अँपिअर-तास, म्हणजे चार तासांच्या कार्यक्रमांइतकी वीज, काहीही न पाहता खर्च होते. स्वस्त इन्व्हर्टरचा प्रवाह ज्या-वक्राऐवजी पायऱ्यापायऱ्यांचा असतो व त्यामुळे ध्वनीत गुणगुण आणि चित्रात व्यत्यय येऊ शकतो.

यास्तव बाह्य अनुयोजकावर (ॲडॅप्टरवर) चालणारा १२ व्होल्टांचा संच घेणे सर्वांत हिताचे. तो घटमालेला थेट जोडावा की नाही, हे मात्र पाहिले पाहिजे. एंजिन चालू असता किंवा सौर पट्टाने भारण होत असता दाब १४.४ व्होल्टांपर्यंत जातो आणि स्थिर १२ व्होल्टांसाठी बनविलेले मंडल त्याने बिघडू शकते. मध्ये दाब-स्थिरीकारक बसविल्यास हा धोका टळतो. संचाला १९ व्होल्ट लागत असल्यास दाब वाढविणारा परिवर्तक वापरतात. धन व ऋण अग्रांची अदलाबदल होऊ देऊ नये.

अल्प दाबाच्या मंडलात तारेची जाडी विशेष महत्त्वाची असते. घटमालेपासून ६ मी. अंतरावरील संचाला १.५ चौ. मिमी. छेदाची तांब्याची तार जोडल्यास, जाण्यायेण्याचे १२ मी. धरून, २.५ अँपिअर प्रवाहाला सु. ०.३५ व्होल्ट दाब तारेतच खर्ची पडतो, ४ चौ. मिमी. तारेत तो सु. ०.१३ व्होल्ट भरतो. वितळतार (फ्यूज) घटमालेच्या अग्राजवळच बसवावी, कारण तारेचा संक्षेप झाल्यास घटमाला क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह देते व तार पेट घेते. भारणाच्या वेळी शिसे-अम्ल घटमालेतून हायड्रोजन बाहेर पडतो व हवेशी मिसळून स्फोटक होतो. म्हणून तिची पेटी हवेशीर असावी लागते.

लिथियम-लोह-फॉस्फेट घटमालेचा बहुतेक सर्व साठा वापरता येतो व तिचे वजनही बरेच कमी असते. मात्र किंमत अधिक असते आणि ०° से. खाली तिचे भारण करता येत नाही. त्यामुळे हिवाळ्यात थंड प्रदेशात जाणारे प्रवासी ती वाहनाच्या उबदार भागात ठेवतात.