दहा किलोंचा खेळ घरी आणण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी जाता जाता एक प्रश्न विचारला. त्यांचा अमेरिकेतील मुलगा आई-वडिलांसाठी एक महागडा बोर्डगेम पाठवणार होता. ‘‘डॉक्टर, पाठवू द्यावा का?’’ बाहेर रुग्ण खोळंबले होते. रक्तदाब मोजण्याचा पट्टा गुंडाळता गुंडाळता मी म्हणालो, ‘‘अवश्य. मेंदूला चांगला असतो.’’

सहा महिन्यांनी त्यांच्या घरी जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा तो भला मोठा खोका दिवाणाखाली धूळ खात पडलेला दिसला. गुरुजींच्या पत्नींच्या उजव्या हाताला त्या सुमारास कंप सुरू झाला होता. पहिल्याच संध्याकाळी पुठ्ठ्याचे लहान तुकडे त्यांच्या हातून दोनदा सांडले. पत्त्यांवरची बारीक इंग्रजी अक्षरे दिसेनात. ‘‘आता हे मला जमायचे नाही,’’ असे त्या म्हणाल्या आणि त्यानंतर शेजारणींबरोबर वर्षानुवर्षे चालत आलेला दुपारचा रमीचा डावही त्यांनी सोडून दिला. पैसे वाया गेले याचे मला फारसे वाटले नाही. परंतु जो खेळ त्यांना येत होता, तोही माझ्या दहा सेकंदांच्या सल्ल्यापायी सुटला, याची रुखरुख मात्र आजही आहे.

म्हणून यंदा जानेवारीत बहात्तर वर्षांच्या एका आजींनी तसाच प्रश्न विचारला, तेव्हा मी उत्तरासाठी आठ दिवस मागून घेतले. आजी बँकेतून निवृत्त झालेल्या. यजमानांना जाऊन वर्ष झालेले. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला नातू शिक्षणासाठी त्यांच्याजवळ राहत होता. त्याला ‘ग्लूमहेवन’ नावाचा खेळ आजीबरोबर खेळायचा होता. आयातीच्या खर्चासह त्याने काढलेला आकडा १५,००० रुपयांच्या पुढे जात होता.

हा खेळ असतो तरी कसा?

माझ्या पुतण्याकडे तो खेळ होता. दोन रविवार त्याच्याकडे बसून मी तो पाहिला आणि खेळलोही. आपल्या परिचयाच्या बैठ्या खेळांत, म्हणजे बुद्धिबळात, कॅरममध्ये किंवा पत्त्यांत, एकाने दुसऱ्यावर मात करायची असते. येथे सर्व खेळाडू एका बाजूला असतात आणि खेळाचे नियम व पत्ते हाच प्रतिपक्ष. जिंकले तर सर्व जिंकतात, हरले तर सर्व हरतात. मॅट लीकॉक यांचा २००८ साली आलेला ‘पँडेमिक’ हा साथीच्या रोगांशी झुंजण्याचा खेळ याच जातीचा.

‘ग्लूमहेवन’ हा आयझॅक चिल्ड्रेस यांचा खेळ २०१७ साली आला. तो मोहिमेचा खेळ आहे. म्हणजे एका बैठकीत तो संपत नाही. कादंबरीच्या प्रकरणांसारखे त्यात ९५ प्रसंग आहेत. एका बैठकीचा परिणाम पुढच्या बैठकीवर होतो, नकाशावर कायमचे स्टिकर चिकटवले जातात आणि काही डब्या मोहरबंद असतात. आपले पात्र ठरलेले जीवितध्येय पूर्ण करून निवृत्त झाले की तशी एक डबी उघडते आणि नवे पात्र हाती येते. निवृत्तीनंतर नवे दार उघडते ही कल्पना मला स्वतःला फार आवडली.

एक ते चार जणांना तो खेळता येतो. प्रत्येक फेरीत दोन पत्ते निवडायचे. एकाचा वरचा अर्धा भाग वापरायचा, दुसऱ्याचा खालचा. हातातले पत्ते हळूहळू कमी होत जातात आणि ते संपले की आपले पात्र थकून बाद होते. थोडक्यात, शक्ती जपून वापरण्याचा हा खेळ आहे. खोक्याचे वजन सुमारे दहा किलो. माणशी अर्धा तास धरावा, म्हणजे चौघांना दोन तास. नवशिक्यांना त्याहून अधिक, आणि मांडामांड व आवराआवर वेगळी.

औषध म्हणून विकत घेऊ नका

‘मेंदूला चांगला’ हे माझे वाक्य कितपत खरे होते? २००३ साली न्यूयॉर्कमधील ब्राँक्स येथील पंच्याहत्तरीपुढील ४६९ व्यक्तींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, वाद्यवादन, नृत्य आणि बोर्डगेम यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. परंतु यावरून खेळामुळेच स्मृती टिकली, असे ठामपणे म्हणता येत नाही. ज्यांची बुद्धी आतून खालावू लागलेली असते, ती माणसे निदान होण्याच्या आधीच असे छंद सोडू लागतात, हीही शक्यता असते.

‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले आहेत. बहिरेपण, उपचार न केलेला दृष्टिदोष आणि एकाकीपणा हे त्यांपैकी तीन. म्हणजे १५,००० रुपये केवळ मेंदूच्या आरोग्यासाठी खर्चायचे असतील, तर डोळ्यांची व कानांची तपासणी आधी. खेळ घ्यावा तो आनंदासाठी आणि सोबतीसाठी.

स्वतःला विचारावयाचे प्रश्न

डोळे आणि प्रकाश. खेळातील पत्त्यांवर बारीक इंग्रजी मजकूर असतो. औषधाच्या पाकिटावरील अक्षरे आपण चष्मा लावून सहज वाचू शकता का? नसल्यास आधी नेत्रतज्ज्ञांना भेटा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर खरेदी तोवर पुढे ढकला. टेबलावर बाजूने येणारा भरपूर प्रकाश हवा.

हात. शर्टाची बटणे लावणे, गोळी पाकिटातून काढणे जड जाते का? कंपवात किंवा संधिवात असल्यास पत्ते उभे ठेवण्याची लाकडी खाच आणि तुकड्यांसाठी उथळ वाट्या वापराव्यात. तुकडे हलवण्याचे काम दुसऱ्याने करावे, निर्णय मात्र आपला असावा. ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून ठरलेली असली, की हातून काही सांडल्याचा संकोच उरत नाही.

कान. मिळून खेळण्याच्या खेळात बोलणे हेच मुख्य काम. ऐकू कमी येणारी व्यक्ती केवळ हसत मान डोलावत बसते आणि दमून जाते. श्रवणयंत्र असेल तर लावावे, दूरदर्शन संच बंद ठेवावा, बोलणाऱ्याने समोर बसावे.

बैठक. दोन तास सलग बसणे पाठीला, गुडघ्यांना आणि सुजणाऱ्या पावलांना मानवत नाही. दर चाळीस मिनिटांनी उठून घरातल्या घरात फिरावे. मधुमेहींनी जेवणाची व इन्सुलिनची वेळ खेळापायी चुकवू नये. खेळ रंगात आला म्हणून पाणी पिणे किंवा लघवीस जाणे टाळणारी मंडळी मी पाहिली आहेत. रात्री उशिरा खेळल्यास झोप उडते, त्यामुळे सायंकाळची वेळ उत्तम.

स्वभाव. ‘ग्लूमहेवन’मध्ये राक्षस, तलवारी, अंधारी भुयारे आहेत. ज्यांना हे वातावरण रुचत नाही, त्यांना नियम कितीही सुंदर असले तरी कंटाळा येईल. शिवाय हरलेला प्रसंग पुन्हा खेळावा लागतो. हरणे आपल्याला सोसते का?

सोबती. हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. मोहिमेला तीच ती माणसे आठवड्यामागून आठवडे लागतात. सारे नियम आपणच पाठ केले पाहिजेत असे नाही. घरातील एकाला ते नीट ठाऊक असले की पुरे. मात्र त्या एकाने ‘आजी, तू हा पत्ता टाक’ असे सांगत सुटता कामा नये. तसे झाले तर आजी खेळत नाहीत, नातू दोन हातांऐवजी चार हातांनी खेळतो. ‘ग्लूमहेवन’मध्ये आपल्या पत्त्यांवरील नेमके आकडे इतरांना सांगण्यास मनाई आहे, त्यामुळे ही अरेरावी काहीशी आटोक्यात राहते. तरीही काळजीवाहकांनी एक पथ्य पाळावे. विचार करायला वेळ द्यावा आणि चूक होत असेल तर होऊ द्यावी.

स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्या व्यक्तीसाठी मात्र असा खेळ आणू नये. दर बैठकीत भर पडणारे नियम तिला वारंवार अपयशच दाखवतील. तिच्या हाताला जुना सराव असलेले झब्बू, बदाम सात किंवा सापशिडीच बरे.

पैशांचा हिशेब

१५,००० रुपयांचा खेळ पन्नास बैठका खेळला गेला, तर बैठकीला ३०० रुपये पडतात. पाचच बैठका झाल्या तर ३,००० रुपये. महाग की स्वस्त हे खोक्यावरील किमतीवर ठरत नाही, तो किती वेळा टेबलावर येईल यावर ठरते. म्हणून आधी चव पाहावी. मोठ्या शहरांतील बोर्डगेम कॅफेत किंवा ओळखीच्या घरी एक डाव खेळून पाहावा. आवडल्यास याच मालिकेतील २०२० साली आलेला ‘जॉज ऑफ द लायन’ हा बराच स्वस्त आणि हलका खेळ आहे. त्यात २५ प्रसंग आहेत. पुठ्ठ्याचे नकाशे जुळवत बसावे लागत नाही, कारण प्रसंगांची वहीच उघडून पट म्हणून वापरता येते आणि पहिले पाच प्रसंग नियम हळूहळू शिकवतात. मोहिमेचे लोढणे नकोच असेल, तर सुमारे पाऊण तासात संपणारा ‘पँडेमिक’ पुरेसा आहे.

आजींचा निर्णय

आठ दिवसांनी आजी आल्या, तेव्हा हे सारे प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवले. डोळे, कान, हात यांत अडचण नव्हती. राक्षसांविषयी त्या म्हणाल्या, ‘‘बँकेत छत्तीस वर्षे काढली, डॉक्टर. राक्षसांना मी भीत नाही.’’ परंतु सोबतीच्या प्रश्नापाशी त्या थांबल्या. नातू जुलैत बंगळूरला नोकरीवर रुजू होणार होता. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत त्यांनी रविवार मोजले. चोवीस भरले. ‘‘९५ प्रसंग कोणाबरोबर खेळू?’’ असे म्हणून त्या गप्प झाल्या. खेळाचे आयुष्य मोठे होते आणि सोबतीचे लहान. हे गणित मी दोन रविवार खेळ पाहूनही मांडले नव्हते.

त्यांनी धाकटा खोका घेतला. पहिले दोन प्रसंग हरल्या. तिसऱ्या प्रसंगी नातवाचे पात्र थकून बाद झाल्यावर आजींनी एकटीने शेवटचा शत्रू लोळवला. ती हकिगत रक्तदाब मोजून घेताना त्यांनी मला इतक्या तपशिलाने सांगितली, की पट्टा दोनदा फुगवावा लागला. जुलैपर्यंत सतरा प्रसंग झाले. उरलेल्यांसाठी तो खोका कपाटात पुढच्या बाजूला ठेवलेला आहे, नातू गणपतीला येणार म्हणून.

आणि गुरुजींच्या घरी? मी पत्ते ठेवण्याची एक लाकडी खाच सुताराकडून करवून घेतली आणि स्वतः नेऊन दिली. दिवाणाखालचा खोका तसाच आहे. तो उघडण्याचा आग्रह मी केला नाही. दुपारचा रमीचा डाव मात्र पुन्हा सुरू झाला आहे.